बुडालेल्यांचे डोळे

नऊच्या नऊ मुखवट्यांना डोळे होते, आणि तीच पंचाईत होती.

पहिल्यावरची चादर ओढली तेव्हा ऋतुजाला वाटलं, एखाद्यात चूक झाली असेल. दुसऱ्यावरची ओढली. तिसऱ्यावरची. मग नवव्यापर्यंत सगळ्या. जिथे आरपार भोकं हवी होती तिथे कागदाचा लगदा भरला होता, घोटून गुळगुळीत केला होता, वर पांढरा हात मारला होता आणि त्यावर डोळे आखले होते. तेही असे, की धड रागावतासुद्धा येईना. अर्धवट झुकलेल्या पापण्या, बाहुलीत पाण्याचा एकेक ठिपका, कोपऱ्यात अगदी पुसट गुलाबी. नऊ बुडालेली माणसं फळीवरून तिच्याकडे बघत होती आणि त्यांच्या नजरेत कुणाबद्दल तक्रार नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "हे कुणी केलं?"

प्रणित दारात चहाचा ग्लास घेऊन उभा होता. ग्लासातच बघत त्याने सांगितलं, की बाबा म्हणाले म्हणून केलं. पंधरा दिवसांपूर्वी मुखवटे सुकून आले, बाबांनी प्रत्येकावरून हात फिरवला आणि म्हणाले, भोकं राहिलीत, बुजवून घ्या.

"राहिलीत? ड्रॉइंगवर लिहिलं होतं ना मी."

"इंग्लिशमधे लिवलंयस. मी वाचून दाखवलं त्यांना. तर म्हणाले, तिकडच्या लोकांना काय कळतंय."

"आणि तू मला फोन नाही केलास."

"तू इमानात होतीस, नायतर तालमीत होतीस. तुला फोन कधी लागतो?" प्रणितने चहा संपवला. "मला वाटलं, डोळे बघून खूष होशील."

ती काल पहाटे उतरली होती, घरी येऊन दिवसभर मेल्यासारखी झोपली होती, आणि आज गुरुवार होता. उद्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता टेम्पो येणार होता. मुखवटे मुंबईला विमानाच्या मालात, तिथून ओंटारिओ, तिथून नदीकाठच्या एका छोट्या शहरातलं थिएटर. एक दिवस चुकला तर पुढचं विमान आठवड्याने होतं, आणि तालीम कुणासाठी थांबणार नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी ऋतुजा तिकडे नाटकाच्या मागची कामं शिकायला गेली. मागची म्हणजे खरोखरच मागची. ज्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात येतात, ती. तिने खोटे केक बनवले, खोटं रक्त उकळलं, उचलला की बरोबर मान टाकेल असा मेलेला हंस बनवला. त्या दिवशी बाबांनी फोनवर विचारलं होतं, आज काय केलंस गो. मेलेला हंस, असं ती म्हणाली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, की तिकडं जिवंत बनवता येत नाय का कुणाला.

उन्हाळ्यात चार महिने नाटक, हिवाळाभर कॉफीच्या दुकानात, असं तिचं चाललं होतं. पण तिथे सगळ्यांचंच तसं. दिग्दर्शिका क्लेअर तीस वर्षं गाडीत नेपथ्य कोंबून गावोगावच्या नाट्यमहोत्सवांना हिंडलेली, चर्चच्या तळघरात झोपलेली. देनी नावाचा नट पहाटे शाळेची बस चालवतो, म्हणजे दुपारनंतर तालमीला मोकळा. साठीची जोन दिवसा तिकीटखिडकीवर बसते आणि संध्याकाळी त्याच नाटकात उभी राहते. यंदा क्लेअरने धरणाखाली गेलेल्या एका गावाचं नाटक घेतलं. त्यात नऊ बुडालेले गावकरी पाण्यातून वर येतात, आपापल्या घरांच्या जागा शोधतात. ऋतुजा बैठकीत म्हणाली, असे मुखवटे माझ्या घरी होतील. सगळे तिच्याकडे वळले. पहिल्यांदाच कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव येणार होतं, 'संकल्पना: ऋतुजा', पहिल्या पानावर, माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.

आणि आज पहाटेच रंगमंच-व्यवस्थापकाचा निरोप येऊन पडला होता. जोन विचारते आहे, मुखवट्यातून किती दिसेल?

जोनला विचारायचा हक्क होता. चार वर्षांपूर्वी तिच्या एका मुखवट्याची भोकं ऋतुजानेच कापली होती. देखणी दिसावीत म्हणून बारीक ठेवली. तिसऱ्या प्रयोगाला जोनचा पाय पायरीवरून चुकला आणि मनगट मोडलं. जोनने एका शब्दाने दोष दिला नाही. हे ऋतुजाने घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा अंगणातून आत आले. दत्तात्रेय, सहासष्ट वर्षांचे. पेणच्या गल्ल्यांत मूर्तिकार पुष्कळ, पण गिऱ्हाईक ह्या कारखान्यात यायचं ते दत्तूशेठच्या डोळ्यांसाठी. बाकी मूर्ती कुणीही घडवो, आखणी त्यांची. आखणी म्हणजे डोळे. ते सगळ्यांत शेवटी, आंघोळ करून, उपाशीपोटी. आणि ह्या घराचा एक नेम होता: एकदा आखलेला डोळा परत खरवडायचा नाही. मूर्तीला तडा गेला, हात मोडला, तरी ती तशीच अख्खी धरमतरच्या खाडीत सोडायची.

ऋतुजाने जमेल तितक्या शांतपणे सांगितलं, की भोकं राहिली नव्हती, ठेवली होती. आज दिवसभरात ती पुन्हा पाडावी लागतील.

बाबा मुखवट्यांसमोरच्या स्टुलावर बसले. तांब्यातलं पाणी ग्लासात ओतताना त्यांनी एक बोट ग्लासात धरलं होतं, हे तिने पाहिलं आणि विसरली.

"उघडलेले डोळे फोडत नाय," ते म्हणाले. एवढंच. पुढे ती अर्धा तास बोलत होती, ते स्टुलावरून हलले नाहीत.

बाहेर येऊन प्रणित तिच्या बाजूने झाला. कापायलाच हवं, तो म्हणाला, परदेशची पहिली ऑर्डर आहे, नाव गेलं तर कायमचं जाईल. पण बाबा स्टुलावरून उठत नाहीत तोवर ब्लेड कोण लावणार? ह्या घरात बाबा ऐकतात एकाच माणसाचं. ते माणूस रोह्याला.

"गाडी घेऊन जा. आत्याला आण."

भूमिकावहिनी रंगखोलीच्या दारात चार महिन्यांच्या लेकीला, बायला, खांद्यावर थोपटत उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. फक्त ऋतुजा गाडीत बसताना म्हणाली, "ताई, काय तरी खाऊन जा," आणि एका हाताने घावनाची गुंडाळी खिडकीतून आत दिली.

प्रत्येक वळणावर ऋतुजा दिवा दाखवायला जाई आणि काचेवरचा वायपर सुरू होई. अकरा वर्षांत हाताला उलटी सवय लागली होती. जानेवारीच्या लख्ख उन्हात कोरड्या काचेवर खरडा काढत ती नागोठणं ओलांडून रोह्याला पोचली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आत्या, इंदुबाई, ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. भाचीला बघून त्यांनी आधी तिची हाडं मोजली, मग विचारलं, कोण गेलं. कुणी नाही, असं कळल्यावर म्हणाल्या, मग दत्तू रुसला असंल.

परतीच्या वाटेवर ऋतुजाने सगळं सांगितलं. आत्या ऐकत होत्या. मांडीवर शेंगांची पिशवी होती, कारण रिकाम्या हाताने माहेरी कसं जायचं. भिसे खिंडीची चढण लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "बुडालेली माणसं, असं सांगितलंवतंस त्याला?"

"हो. नाटकच ते आहे."

"आणि डोळ्यांच्या जागी भोकं."

"आतल्या माणसाला दिसायला."

"ते त्याला नाय सांगितलंस."

ऋतुजाने ते खरंच सांगितलं नव्हतं. चेहरे कसे, रंग कसा, माप किती, कुणाच्या डोक्याचा घेर केवढा, सगळं कळवलं होतं. भोकं कशाला ते कळवायचं सुचलंच नव्हतं. मुखवट्याला भोकं कशाला असतात हे कुणी कुणाला सांगतं का? पण ज्याच्या घरात चार पिढ्या फक्त देव घडले, त्याने आत शिरायची वस्तू कधी बनवली होती?

"जगनचं तुला ठाव हाय ना?" आत्यांनी विचारलं.

जगनकाका बाबांचे थोरले भाऊ, मालवाहू मचव्यावर कामाला होते, धरमतरला बुडाले. घरात एवढंच बोलत.

"तिसऱ्या दिवशी सापडला. दत्तू चवदा वर्षांचा व्हता. खेकडे आधी डोळे खातात गो पोरी. बाकी सगळा जगन जागच्या जागी, आणि इथं..." आत्यांनी स्वतःच्या डोळ्यांखाली बोट नेलं, टेकवलं नाही. "बाया तोंड फिरवून रडत व्हत्या. कुणाला बघवंना. दत्तू उठला, कारखान्यातनं शाडूचे दोन गोळे करून घेऊन आला. त्याच्या डोळ्यांवर बसवले, अंगठ्यानं सारखे केले. तसाच नेला त्याला."

खिंड उतरल्यावर एका वळणाला वायपर सुरू झाला आणि आत्यांनी विचारलं, ह्या गाडीला काय झालंय.

कारखान्यात शिरता शिरता पावलांवरूनच बाबा म्हणाले, "आक्का?"

आत्यांनी शेंगांची पिशवी भूमिकेच्या हातात दिली, पदर खोचला आणि फळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्यापासून नवव्यापर्यंत सावकाश बघत गेल्या. पाचव्यापाशी थांबल्या. साडेबारा वाजले होते. एका मुखवट्याला कापून, घासून, कडा रंगवायला तासभर धरला तरी रात्र होणार होती.

"दत्तू," आत्या शेवटी म्हणाल्या, "मला इचारशील तर नको फोडू."

"आत्या, तुम्हाला आणली कशाला!" प्रणितने कपाळाला हात लावला.

"मला न्याय करायला आणली, तुझी वकिली करायला नाय."

आता दोन्ही म्हातारी माणसं एकीकडे आणि दोन्ही भावंडं दुसरीकडे, असं झालं. ऋतुजाला वाटलं, उठावं, क्लेअरला कळवावं, जमलं नाही. क्लेअरने हसत हसत सांगूनच ठेवलं होतं, मुखवटे आले नाहीत तर नटांच्या तोंडावर नायलॉनचे मोजे चढवू. ऋतुजा फळीपाशी गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिने चौथा मुखवटा उचलला.

हा देनीचा, तिने सांगितलं. तो शाळेची बस चालवतो. हा एमाचा, तिला दोन मुलं, धाकट्याला तालमीला घेऊन येते आणि पडद्यामागे झोपवते. हा जोनचा. आणि मग जोनच्या मनगटाचं सांगितलं. सगळं सांगितलं. भोकं देखणी दिसावीत म्हणून आपण बारीक ठेवली तेही. प्रणित तिच्याकडे बघत राहिला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की ऋतुजाचं तिकडे छान चाललंय.

"बाबा, हे बुडालेल्या माणसाचे डोळे नाहीत," ती म्हणाली. "आत जिवंत माणूस असतो. त्या स्टेजला उतार आहे. हे असेच पाठवले तर मी नऊ जणांना डोळे बांधून पाण्यात सोडल्यासारखं होईल."

बाबांचा हात गुडघ्यावर होता. तो मिटला, उघडला.

"आत माणूस," ते म्हणाले. "हे पहिल्यांदा का नाय सांगितलंस?"

"चुकलं माझं."

"माझं पण चुकलं. पण मी कापा म्हणू शकत नाय. हे डोळे माझे नायत."

"बाबा," प्रणित म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम धार आली.

"किती दिवस लपवशील? पोरगी घरची हाय, बहीण घरची हाय." बाबांनी मान वळवली, पण ऋतुजाकडे नाही, ती उभी होती त्याच्या थोडं डावीकडे. "उजवा डोळा दोन वरसं बंद हाय. काचबिंदू. डाव्यात धुकं. दोन हंगाम आखणी भूमिकेची. मी नुसता शेजारी बसतो, लोकांना दिसावा म्हणून. जिचे डोळे हायत तिला इचार."

ग्लासातलं बोट ऋतुजाला आता आठवलं. तिने भावाकडे पाहिलं. प्रणित घाईघाईने बोलायला लागला: वर्षाला आठशे मूर्ती जातात, बाबांच्या डोळ्यांवर जातात, बाजाराला कळलं तर काय होईल, आणि हे तुला सांगितलं असतं तर तू तिकडून उपदेश करत बसली असतीस. सकाळी तिच्या बाजूने असलेला भाऊ दुपारी एक वाजता समोर उभा होता. आत्या मात्र त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या रंगखोलीच्या दाराकडे बघत होत्या.

भूमिका तिथे शेंगांची पिशवी घेऊन उभी होती. एकोणतीस वर्षांची, केसाला पांढरा रंग लागलेला. मागे तुळईला बांधलेल्या साडीच्या झोळीत बाय झोपली होती. नऊ जोड्या डोळे अकरा झोपांत झाले, असं तिने नंतर सांगितलं. बाय झोपली की आखणी, उठली की बंद. एका पापणीची रेघ दोन झोपांत पुरी झाली, तिथे बारीक सांधा आहे, बघितलंत तर दिसेल.

"वहिनी," ऋतुजा म्हणाली. आपण जे करायला सातासमुद्रापार गेलो ते ही इथे बसून, झोळीला पायाने झोका देत करत होती.

"माझं माहेर नागोठण्याचं," भूमिका म्हणाली. ती कुणाकडे बघून बोलत नव्हती. "शाळेतल्या माझ्या चित्रांच्या वह्या अंबा नदीच्या पुरानं नेल्या. एकदा नाय, दोनदा. इथं आले. दोन वर्षं गणपतींना डोळे काढले. सगळे पाण्यात गेले. जाणारच, देव हाय, त्याला जायचंच असतं, त्याचं मला काय नाय. बाबा म्हणाले, हे नऊ नाटकाला जाणारेत, हे कुणी बुडवणार नाय. म्हणून मी एवढं जीव लावून..." तिने पिशवी खाली ठेवली. "आणि आता कापा म्हणता."

आत्यांनी नाकाला पदर लावला. ऋतुजाने ठरवलं, आता काही मागायचं नाही. ती म्हणाली, नाही कापायचं. मी कळवते त्यांना. मोजे घालतील.

"मोजे?" भूमिकेने विचारलं.

"तोंडावर."

भूमिकेला हसू फुटलं नाही, पण ओठ हलले. तिने विचारलं, माणसं किती लांब बसतात. ऋतुजाने खरं ते सांगितलं. पहिली रांग आठ हातांवर, शेवटची साठ. शेवटच्या रांगेतून डोळा काय आणि भोक काय, काळंच दिसतं.

"म्हंजे हे बघायचं कुणी नव्हतंच."

"पहिल्या चार रांगांनी."

"चार रांगा," भूमिका म्हणाली. ती पुढे आली, जोनचा मुखवटा उचलला आणि कुणी काही म्हणायच्या आत डोक्यात घातला.

नेमकी तेव्हाच झोळी हलली आणि बाय रडायला लागली.

भूमिका वळली, तीही चुकीच्या बाजूला. मुखवट्याचे सुंदर, ओलसर डोळे भिंतीकडे बघत राहिले. तिने हात पुढे केले, एक पाऊल टाकलं, रंगाचा डबा कलंडला. बायचा आवाज चढला. पत्र्याच्या छपराखाली तो सगळीकडून येत होता. "कुठंय? कुठंय ती?" मुखवट्यातून आवाज घुमला, आणि ऋतुजा धावली, प्रणितही, पण त्यांच्या आधी बाबा स्टुलावरून उठले होते. साच्यांमधून, डब्यांमधून, कशालाही न अडखळता ते चालत गेले आणि त्यांनी सुनेचं कोपर धरलं.

"डावीकडं. खाली पाट हाय, पाय उचल. आता सरळ. चार पावलं."

चार पावलांवर झोळी होती. भूमिकेने मुखवटा काढला. तिचा चेहरा घामाने भिजला होता. तिने बायला उचललं, तिथेच खाली बसून पदराखाली घेतलं, आणि रडणं थांबून नुसता चुटूचुटू आवाज उरला.

"त्या जोनला पायाखालचं दिसाया पायजे," ती म्हणाली. "वरचं नाय दिसलं तरी चालंल. पापण्या आणि भुवया राहू दे. बाहुलीपासनं खाली कापायचं, होडीच्या आकाराचं. मी कापीन. दुसऱ्या कुणाचा हात नको."

"ब्लेड आण," बाबा प्रणितला म्हणाले.

प्रणित जागचा हलला नाही. नेम मोडायचा म्हणून नव्हे. त्याला पुढचं दिसत होतं. ऋतुजाने फोन काढला होता. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानाची नावं आज जायची होती. ती म्हणाली, वहिनीचं नाव जाईल. ते तिकडे छापलं जाईल, संगणकावर चढेल, पेणमध्ये कुणीही वाचेल, हे मला माहीत आहे.

"डोळे तर कापायचे," भूमिका म्हणाली. "मग नाव कशाचं लावणार?"

"पापण्यांचं."

तेव्हा कुठे ती हसली. प्रणित पुन्हा बाजाराचं बोलायला गेला. आत्यांनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "बाजाराला गणपती लागतो रं बाबा, तुझा बाप नाय लागत. तो मेल्यावर काय सांगणार व्हतास, वरनं येऊन आखून जातो?"

प्रणितने बापाकडे पाहिलं. मग बायकोकडे. तो आत गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तो हातात ब्लेड, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन. "ऋतू, नीट लिव नाव," एवढंच म्हणाला.

पहिल्या मुखवट्याला ब्लेड लागलं. लगदा पंधरा दिवस घट्ट सुकलेला, हात चुकला असता तर तडा थेट गालापर्यंत गेला असता. रंगाची एक खपली उडाली. भूमिका थांबली, ब्लेडचा कोन बदलला, पुन्हा सुरू झाली. बाय आता ऋतुजाच्या मांडीवर होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच समोर काम चालू होतं आणि तिच्या हातात हत्यार नव्हतं, एक तापलेलं डोकं होतं, दुधाचा वास येणारं. प्रणित कडा घासत होता. बाबा प्रत्येक कड बोटाने तपासून परत देत होते. इथं बोचतंय, आणखी मार, त्या बाईच्या पापणीला लागंल. जोनचा मुखवटा त्यांनी तीनदा परत दिला.

कडा रंगवून नववा फळीवर परत गेला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. ऋतुजाने एक मुखवटा तोंडाला लावला. पायांची बोटं दिसली, सांडलेला रंग दिसला, आत्यांनी सोललेल्या वालाची ताटली दिसली. तिने निरोप लिहिला: जोनला सांगा, पायाखालचं दिसतं.

खाली कागदावर अठरा तुकडे जमले होते. नखाएवढे, अर्ध्या बाहुल्यांचे, कुठे तो पाण्याचा ठिपका तसाच. आत्या गुडघ्यावर हात देत उठल्या आणि ते गोळा करायला लागल्या. फडक्यात बांधून ठेवू, त्या म्हणाल्या, सकाळी टेम्पो गेला की धरमतरला सोडून येऊ, ह्या घराचा नेमच हाय.

"पाण्यात नाय," भूमिका म्हणाली.

आत्या वाकलेल्याच राहिल्या. प्रणितने बापाकडे बघितलं. नेम बापाचा होता.

बाबांनी हात पुढे केला. आत्यांनी एक तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला, सावकाश, जशी ओली शाडू सारखी करावी तसा.

"नको पाण्यात," ते म्हणाले. "फळीवर ठेव सूनबाय. माझ्या हाताला लागतील असे."